विश्लेषण : तबकडी पाहून ऑटोमॅटिक घड्याळ घ्यावे का? सिकोचे ‘कॉकटेल टाइम’ काय सांगते…

मोबाइलवर घड्याळांचे फोटो चाळताना अंगठा एका फिकट निळ्या तबकडीपाशी थांबतो. मध्यातून चहूबाजूंना फुटलेल्या बारीक रेषा, त्यावर काचेसारखी चमक आणि उठावदार चंदेरी खुणा. खाली ‘ऑटोमॅटिक’ असे लिहिलेले. सिकोचे ‘प्रेसाज कॉकटेल टाइम’ हे असे घड्याळ आहे. मॉडेलनुसार त्याची किंमत साधारण तीस ते पन्नास हजार रुपयांच्या पट्ट्यात असते. स्विस ऑटोमॅटिकच्या मानाने ती कमी असली, तरी पहिल्या पगारातून किंवा जावयासाठी घड्याळ घेणाऱ्याला ती लहान रक्कम नाही. एवढे पैसे तबकडीसाठी मोजायचे की आतल्या यंत्रासाठी?

‘कॉकटेल टाइम’ कुठून आले?

सिकोने २०१० मध्ये जपानच्या बाजारासाठी ‘एसएआरबी ०६५’ या क्रमांकाचे घड्याळ आणले. टोकियोतील गिंझा भागातल्या ‘स्टार बार’चे बारटेंडर हिसाशी किशी यांच्या कॉकटेलवरून त्याची तबकडी सुचली होती. जपानबाहेरचे शौकीन ते मागवून घेऊ लागले आणि त्याला ‘कॉकटेल टाइम’ हे नाव चिकटले. २०१७ मध्ये कंपनीने ‘प्रेसाज’ मालिकेत ही कल्पना जगभर नेली. फिकट निळ्या तबकडीचे ‘एसआरपीबी ४३’ हे त्यातले सर्वांत ओळखीचे मॉडेल.

या प्रवासात एक बदल झाला. जुन्या घड्याळात ‘६आर१५’ हे यंत्र होते. पूर्ण चावी भरल्यावर ते सुमारे ५० तास चालत असे. नव्या घड्याळात ‘४आर३५’ हे तुलनेने स्वस्त यंत्र आले आणि ही मुदत सुमारे ४१ तासांवर आली. चेहरा जवळपास तोच, पण पोटातले यंत्र वेगळे. फोटोत हा फरक दिसत नाही.

तबकडीत एवढे काय आहे?

धातूच्या पातळ चकतीवर साच्याने किरणांसारखी नक्षी उमटवली जाते. त्यावर रंग आणि चकचकीत लॅकरचे अनेक थर दिले जातात. नक्षी खाली आणि चमक वर, त्यामुळे मनगट हलले की प्रकाश रेषांवरून सरकतो. ट्यूबलाइटखाली करडी वाटणारी तबकडी खिडकीपाशी निळी दिसते. या किमतीत असे काम कमी पाहायला मिळते. काच किंचित फुगीर, पेटीसारखी उचललेली असल्याने कडेने पाहतानाही खोली जाणवते.

मात्र काट्यांवर किंवा खुणांवर अंधारात उजळणारा रंग नाही. त्यामुळे रात्री दिवा लावल्याशिवाय वेळ कळत नाही.

आतले यंत्र कसे चालते?

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बेंगळुरूत घड्याळे बनवायला सुरुवात केली. त्या काळातली ‘जनता’सारखी घड्याळे रोज सकाळी चावी देऊन चालवावी लागत. ऑटोमॅटिकमध्ये हे काम हात करतो. मनगट हलले की आतले अर्धगोल वजन फिरते आणि मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. वजन कोणत्याही दिशेला फिरले तरी चावी भरली जावी, यासाठी सिकोने १९५९ मध्ये ‘मॅजिक लिव्हर’ ही सोपी रचना आणली. ती आजही कंपनीच्या अनेक यंत्रांत आहे. ‘४आर३५’ला हातानेही चावी देता येते. चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो, त्यामुळे वेळ सेकंदापर्यंत जुळवता येते. मागच्या झाकणाला काच असल्याने फिरणारे वजन दिसते.

४१ तासांचा हिशेब सोपा आहे. शुक्रवारी संध्याकाळी सातला काढून ठेवलेले, पूर्ण चावी भरलेले घड्याळ रविवारी दुपारी बाराच्या सुमारास थांबेल. सोमवारी सकाळी वेळ आणि तारीख दोन्ही लावावी लागेल. तारीख हाताने बदलायची असेल, तर रात्री नऊनंतर पहाटेपर्यंत ते टाळावे. त्या वेळेत आतली चाके तारीख ढकलत असतात आणि जबरदस्ती केल्यास दात्यांना इजा होऊ शकते.

वेळ किती अचूक?

अनेकांची निराशा इथेच होते. कंपनीच्या नोंदीनुसार हे यंत्र दिवसाला ४५ सेकंदांपर्यंत पुढे किंवा ३५ सेकंदांपर्यंत मागे जाऊ शकते. रोज ३५ सेकंद मागे पडणारे घड्याळ आठवड्यात चार मिनिटांहून अधिक मागे पडेल. लोकल चुकायला तेवढे पुरेसे आहे. प्रत्यक्षात अनेक घड्याळे याहून बरी चालतात, पण कंपनीची हमी या मर्यादेपुरतीच आहे.

याला दोष म्हणावे का? दिवसात ८६,४०० सेकंद असतात. त्यातले ४५ म्हणजे साधारण ०.०५ टक्के. यंत्र सेकंदाला सहा, म्हणजे दिवसाला ५,१८,४०० ठोके देते. मनगटावरची धडधड, गुरुत्वाकर्षण, तापमान सोसून ते एवढे नेमके चालते, हे यांत्रिकीच्या दृष्टीने कमी नाही. तरीही काही शे रुपयांचे सेलवरचे क्वार्ट्झ घड्याळ सहसा महिन्याला १५ सेकंदांच्या आत राहते. जगातले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ ‘अ‍ॅस्ट्रॉन’ याच सिकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी विक्रीला आणले होते. त्यामुळे निव्वळ अचूक वेळेसाठी ऑटोमॅटिक घेण्यात अर्थ नाही.

तडजोड कुठे केली आहे?

पहिली तडजोड काचेत. इथे सॅफायर नाही, तर ‘हार्डलेक्स’ नावाची सिकोची कडक केलेली मिनरल काच आहे. साध्या काचेपेक्षा ती बरी, पण सॅफायरइतकी ओरखडारोधक नाही. शिवाय ती कडेला उचललेली असल्याने दाराच्या चौकटीला घासण्याची शक्यता अधिक.

दुसरी तडजोड पाण्यात. घड्याळ ५० मीटर जलरोधक आहे. हा आकडा प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा असतो, ५० मीटर खोल जाण्याची परवानगी नव्हे. हात धुणे, पावसाचे शिंतोडे चालतील, पोहणे नको. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरते आणि घामाचा वास बसतो, म्हणून पावसाळ्यासाठी वेगळा पट्टा ठेवलेला बरा.

तिसरी अडचण चुंबकाची. मोबाइलचे चुंबकी कव्हर, लॅपटॉपचे स्पीकर, टॅबलेटचे झाकण यांच्याजवळ घड्याळ पडून राहिले, तर आतल्या केसासारख्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटू शकतात. मग घड्याळ अचानक बरेच पुढे धावू लागते. दुकानात चुंबकत्व काढून देतात, पण रात्री घड्याळ फोनवर ठेवायची सवय मोडलेली चांगली.

याच पट्ट्यात आणखी काय?

सिटिझनच्या ‘त्सुयोसा’लाही रंगीत, उठावदार तबकडी आहे. त्यात सॅफायर काच आणि धातूचा पट्टा मिळतो. टिसोचे ‘पीआरएक्स पॉवरमॅटिक ८०’ सुमारे ८० तास चालते आणि १०० मीटर जलरोधक आहे, मात्र त्यासाठी खिसा अधिक मोकळा करावा लागतो. बजेट कमी असेल तर ओरिएंटचे ‘बॅम्बिनो’ आहे, पण त्याची जलरोधकता ३० मीटर आहे. कागदावरच्या गुणांत ‘कॉकटेल टाइम’ पहिले येत नाही. त्याची खरी बाजू तबकडीच आहे.

तीन-चार हजारांत ‘सिको ऑटोमॅटिक’?

खरा धोका इथे आहे. भडक निळ्या, केशरी, हिरव्या तबकडीची ‘व्हिंटेज सिको ५’ किंवा एचएमटी घड्याळे ऑनलाइन फार स्वस्तात दिसतात. परदेशातील संग्राहक अशा अनेक घड्याळांना ‘बॉम्बे स्पेशल’ किंवा ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. जुने, झिजलेले यंत्र, घासूनपुसून चमकवलेली केस आणि त्यावर नव्याने रंगवलेली तबकडी, असा हा मेळ असतो. ‘तबकडी पुन्हा रंगवली आहे’ असे सांगून विकले तर तक्रार नाही. मूळ म्हणून विकले तर ती फसवणूक आहे.

ओळखायचे कसे? कंपनीचे नाव झूम करून पाहा. छपाई पसरट किंवा किंचित वाकडी असेल तर शंका घ्या. यंत्र काही दशकांचे आणि तबकडी कालची वाटत असेल, तर प्रश्न विचारा. जुन्या सिकोच्या तबकडीवर खालच्या कडेला बारीक अक्षरांत क्रमांक असतो. त्यातला यंत्राचा क्रमांक मागच्या झाकणावरील पहिल्या चार अंकांशी साधारणपणे जुळतो. तबकडीवर तो नसेल, तर तबकडी बदललेली किंवा रंगवलेली असू शकते. विक्रेत्याकडे आतल्या यंत्राचा फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.

घेण्याआधी काय तपासावे?

शक्य असेल तर दुकानात जाऊन उन्हात आणि ट्यूबलाइटखाली तबकडी पाहा. फोटोतली निळाई प्रत्यक्षात फिकी वाटू शकते. केसचा व्यास ४०.५ मिलिमीटर आणि जाडी सुमारे १२ मिलिमीटर आहे. बारीक मनगटावर आणि शर्टाच्या कफाखाली ते कसे बसते, हे घालूनच कळते. हमीपत्रावर अधिकृत विक्रेत्याचा शिक्का आहे का, ते बघा. घरी आणल्यावर मोबाइलच्या घड्याळाशी वेळ जुळवा आणि २४ तासांनी फरक नोंदवा. आठवडाभर सलग कंपनीच्या मर्यादेबाहेर फरक येत असेल, तर हमीच्या मुदतीतच दुरुस्तीला द्या.

दुकानदाराला सर्व्हिसिंगचा खर्चही आधीच विचारा. यांत्रिक घड्याळ काही वर्षांनी उघडून साफ करावे लागते आणि तेल द्यावे लागते. हा खर्च किमतीच्या पाटीवर नसतो, पण घड्याळ पंधरा-वीस वर्षे वापरायचे असेल तर तो टळत नाही.

मग घ्यावे की नाही?

रोज बाइकवरून फिरणे, साइटवर काम, पोहणे आणि मिनिटाला मिनिट जुळलेली वेळ अशी गरज असेल, तर हे घड्याळ नको. साधे क्वार्ट्झ त्याहून चोख काम करेल. ऑफिस, लग्नसमारंभ, संध्याकाळचे कार्यक्रम यासाठी सुंदर, दुरुस्त करता येणारे आणि बॅटरीविना चालणारे घड्याळ हवे असेल, तर ‘कॉकटेल टाइम’ पैसे वसूल करते. तबकडी आवडणे हे ते घेण्याचे प्रामाणिक कारण आहे. मात्र पैसे देण्याआधी घड्याळ एकदा उलटे करून मागची बाजूही नीट पाहायला हवी.