आधी माणसं, मग इमारत

निराधार वृद्धांसाठी आश्रम काढायचं ठरलं की पहिली चर्चा जागेची होते. कुणी गावाबाहेरची जमीन देऊ करतं, कुणी आई-वडिलांच्या स्मरणार्थ खोली बांधून देतं. सांभाळणाऱ्यांचे पगार कोण देणार, हा प्रश्न मागे राहतो. माझ्या मते तो पहिला हवा. एसटी स्टँडवर किंवा दवाखान्याच्या व्हरांड्यात सोडून दिलेल्या म्हाताऱ्या माणसाला बऱ्याचदा उठवतही नाही, आणि कितीतरी वृद्धाश्रमांची प्रवेशाची अट मात्र ‘चालते-फिरते असावेत’ अशी. ज्याला आसऱ्याची निकड सर्वांत जास्त, तोच दाराबाहेर राहतो. फ्रान्समधल्या सँ-सेर्व्हाँ गावी १८३९ मध्ये झान ज्युगाँ या मोलमजुरी करणाऱ्या बाईंनी एका आंधळ्या, अर्धांगवायू झालेल्या म्हातारीला घरी आणून स्वतःची खाट दिली. ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा संघ त्यातून उभा राहिला. सुरुवात खाटेपासून झाली, इमारत नंतर आली.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, खुबे, टाचा इथली कातडी आधी लाल होते. बोटानं दाबूनही लाली हटली नाही तर जखम सुरू झाली असं समजायचं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून जागा गरम किंवा टणक लागते का, हे हातानं चाचपावं लागतं. ओढून सरकवलं की कातडी सोलते, तेव्हा दोघांनी चादरीसकट उचलून वळवायचं. दहा खाटा म्हणजे दिवसाला १२० वेळा. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, आजारपणं धरली तर एका जोडीच्या जागी आठ माणसं लागतात, आणि भरवणं, न्हाऊ घालणं, कपडे धुणं वेगळंच. हा खर्च दर महिन्याला येतो. खोलीवर नाव कोरून तो भागत नाही.

अशी सोय झाली तर मुलं आई-बापांना आणून टाकतील, ही भीती खरी आहे. त्यावर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा हाताशी आहे: वृद्धांनी अधिकार दिल्यास संस्थाही निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते, आणि वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रवेशाबरोबरच हा अर्ज व्हावा. पण निकाल लागेपर्यंत जखम थांबत नाही. याच कायद्यात जिल्ह्यागणिक किमान १५० जणांच्या सरकारी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. पण ती सरकारला दिलेली मुभा आहे, सक्ती नव्हे, म्हणून सगळं सरकारवर सोपवून चालणार नाही. सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच: याच पैशात कितीतरी अधिक धडधाकट वृद्ध सांभाळता येतील. येतील खरे, पण त्यांतलेच काही दोन-चार वर्षांत अंथरूण धरतील, आणि तेव्हा आश्रम त्यांना कुठे पाठवणार? म्हणून भाड्याच्या तळमजल्यावर चार खाटांनी सुरुवात करावी, वर्षभराचे पगार आधी बँकेत ठेवावेत, आणि पाचवी खाट तिच्यासाठी माणूस मिळाल्यावरच घालावी.