डेलावेअर ओलांडणारा कार्व्हर

गुलामगिरीत जन्मलेल्या, शेंगदाणा आणि रताळे यांतून शेकडो उपयोगी वस्तू सिद्ध करणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाची ओळख मराठी वाचकाला नव्याने करून द्यावी लागत नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून हा ऋषितुल्य पुरुष मराठी घराघरांत आदराचे स्थान मिळवून बसला आहे. हाच कार्व्हर एका चित्रात सेनापतीचा गणवेष चढवून, विदूषकांनी भरलेल्या होडीत उभा असलेला पाहिला, तर त्या पुस्तकावर वाढलेल्या वाचकास धक्का बसल्यावाचून राहणार नाही. १२ मे २०२१ रोजी न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात हे चित्र सुमारे १ कोटी ५३ लाख डॉलरांना विकले गेले. लॉस एंजेलिसच्या ल्यूकस संग्रहालयाने ते घेतले. चित्रकार रॉबर्ट कोलस्कॉट तेव्हा हयात नव्हते. २००९ सालीच त्यांचे निधन झाले होते.

चित्राचा मूळ आधार अमेरिकेतील प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहे. १७७६ च्या नाताळच्या रात्री जनरल वॉशिंग्टन यांनी बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटन येथील जर्मन भाडोत्री सैन्यावर छापा घातला. या प्रसंगाचे भव्य चित्र इमॅन्युएल लॉइट्झ याने १८५१ साली जर्मनीत बसून रंगविले. त्यात फडकणारा ताऱ्यापट्ट्यांचा ध्वज अमेरिकेने स्वीकारला तो १७७७ साली, म्हणजे प्रसंगानंतर! इतिहास म्हणून पूजल्या जाणाऱ्या चित्रातही कल्पनेचा भाग किती असतो, याचा हा चांगला दाखला होय. त्या होडीत वल्हे मारणारा एक कृष्णवर्णीय माणूसही आहे. पाहणाऱ्यांचे लक्ष मात्र क्वचितच त्याच्याकडे जाते.

कोलस्कॉट यांनी १९७५ साली, अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीची तयारी चालू असताना, वॉशिंग्टनच्या जागी कार्व्हर यांना उभे केले. केवळ नावातील साम्याचा हा विनोद! बाकीच्या होडीत बॅन्जो वाजविणारा, दारूचे मडके तोंडाला लावणारा, पांढऱ्या टोपीचा हसतमुख स्वयंपाकी आणि पॅनकेकच्या खोक्यावरील ‘आंट जेमिमा’ अशी मंडळी कोंबली आहेत. निशाणाच्या काठीपाशी जे चालले आहे, त्याची चर्चा कुटुंबात बसून करता येण्याजोगी नाही. ही सगळी माणसे गोऱ्या अमेरिकेने जाहिरातींतून, नाटकांतून आणि चित्रपटांतून पिढ्यान्‌पिढ्या रंगविलेली. चित्राच्या नावापुढे ‘अमेरिकन इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील एक पान’ असे जोडले आहे, आणि सारी मेख तेथेच आहे. थट्टा कार्व्हर यांची नाही. एका सज्जन शास्त्रज्ञाचे नाव घेतले की कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवून झाला, असे समजणाऱ्या पाठ्यपुस्तकाची ती थट्टा आहे.

रात्र जागून दशावतार पाहिलेल्या आमच्या किनारपट्टीच्या रसिकाला ही युक्ती अगदीच परकी वाटू नये. काळ्या वेषातला संकासुर वेद पळवितो खरा, पण येता-जाता गावच्या भल्याभल्यांची टोपी उडवून जातो.

तरीही त्या काळी अनेकांना हा विनोद रुचला नाही, आणि त्यांत कृष्णवर्णीय प्रेक्षकही होते. ज्या विटंबनेतून बाहेर पडण्यासाठी एवढा लढा दिला, तीच पुन्हा भिंतीवर कशाला टांगावयाची, हा त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. पुसून टाकलेले व्यंग विसरले जाते, मात्र नाहीसे होत नाही, असेच कोलस्कॉट यांच्या चित्रांचे उत्तर दिसते. ‘आंट जेमिमा’ हे नाव त्या कंपनीने सोडले ते २०२१ साली. म्हणजे चित्राला सेहेचाळीस वर्षे उलटल्यावर. हे ध्यानी घेतले म्हणजे चित्रकाराने विषय उकरून काढला, असे म्हणवत नाही.

या माणसाची जडणघडणही पाहण्यासारखी आहे. १९२५ साली ओकलंड येथे जन्म, युरोपात लष्करी सेवा, बर्कलेचे शिक्षण, मग पॅरिसमध्ये फेर्नां लेजे यांच्याकडे उमेदवारी. अमूर्त चित्रांची चलती असता मनुष्याकृती सोडू नये, हा धडा त्यांना लेजे यांच्याकडे मिळाला. पुढे १९६० नंतरच्या दशकात कैरोत काही काळ काढला, तेव्हा युरोपचे ऋण नसलेली तीन हजार वर्षांची कथनपर चित्रकला त्यांनी डोळे भरून पाहिली. १९६७ च्या युद्धामुळे तेथून निघावे लागले. परतल्यावर त्यांनी युरोपच्या श्रेष्ठ कृतींनाच हात घातला. व्हॅन गॉगचे बटाटे खाणारे खिन्न शेतकरी त्यांच्या हाती खिदळणारे कृष्णवर्णीय झाले. कारण गरीब काळा माणूस सुखीच असतो, ही गोऱ्यांची सोयीची समजूत. पिकासोने १९०७ साली आफ्रिकी मुखवट्यांवरून स्त्रियांचे चेहरे घडविले आणि आधुनिक कलेचा जनक म्हणून मान मिळविला. मुखवटे कोरणाऱ्यांची नावे कोणी विचारली नाहीत. १९८५ साली कोलस्कॉट यांनी त्याच स्त्रियांना कपडे नेसवून अलाबामात आणून उभे केले. येथे त्यांचा उपहास सर्वांत धारदार झाला आहे, असे आम्हांस वाटते. याउलट त्यांच्या कित्येक चित्रांतील स्त्रिया निव्वळ भोगवस्तूप्रमाणे रंगविल्या आहेत. दुसऱ्यांच्या साचेबंद दृष्टीवर प्रहार करणारा कुंचला आपल्याच दृष्टीपाशी अडखळला, ही टीका रास्त आहे.

१९९७ साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेने आपल्या दालनात एकट्या कोलस्कॉट यांची चित्रे मांडली. असा मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय चित्रकार. तरीही बाजाराने त्यांना फारसे विचारले नाही. २०२१ पूर्वी त्यांचे कोणतेही चित्र लिलावात दहा लाख डॉलरांपर्यंत पोहोचले नव्हते. नंतर एकाच संध्याकाळी किंमत पंधरा पटींहून वर गेली. ज्या कलाजगताची त्यांनी आयुष्यभर टर उडविली, तेच आता ती टर विकत घेण्यासाठी बोली वाढवीत होते; या होडीत त्यांनाही एखादी जागा चित्रकाराने आनंदाने दिली असती.

जाता जाता एक गोष्ट सांगावयास हवी. कार्व्हर स्वतः चित्रकार होते. आयोवातील सिम्प्सन महाविद्यालयात ते चित्रकला शिकत होते, आणि तेथील शिक्षिकेनेच त्यांना वनस्पतिशास्त्राकडे वळविले. त्यांनी काढलेले युका आणि निवडुंग यांचे चित्र १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात मांडले गेले होते.