भट्टीतही न विरणारी कठीणता

भंडाऱ्याची ओळख असलेले पितळ हा मिश्रधातू आहे. वितळलेल्या तांब्यात जस्त विरघळते. मुशीवर उठणारा पांढरा धूर म्हणजे ९०७ अंश सेल्सिअसला उकळून हवेत जळलेले थोडे जस्त. कार्बन मात्र तांब्यात जवळपास विरघळतच नाही. वितळलेला धातू त्याला भिजवतही नाही, अळूच्या पानावरच्या थेंबासारखा अंग चोरून राहतो. म्हणून कार्बन मिसळलेले तांबे हे मिश्रधातू नव्हे, संमिश्र असते.

मग धातूत कार्बन मिसळण्याचा खटाटोप कशाला? हातोडीच्या ठोक्यांनी पितळी पत्रा कठीण होतो, कारण स्फटिकांमधले दोष एकमेकांत अडकतात आणि थर सहज सरकत नाहीत. पत्रा तापवला की गुंता सुटतो, धातू पुन्हा मऊ पडतो. कार्बनच्या नॅनोनलिका किंवा ग्राफीनचे पापुद्रे हीच अडवणूक करतात, आणि भट्टीच्या आचेतही बऱ्याच अंशी टिकून राहतात.

खरी अडचण मिसळण्याची. नलिका एकमेकींना चिकटतात. पिठल्यात बेसनाच्या गुठळ्या राहाव्यात तसे होते, आणि गुठळी म्हणजे धातूतली कमजोर जागा. त्यामुळे बहुधा धातूची पूड आणि वजनाने एखादा टक्का कार्बन पोलादी गोळ्यांच्या गिरणीत एकत्र फिरवतात. कमी फिरवले तर गुठळ्या उरतात, जास्त फिरवले तर नलिकाच तुटतात. ही पूड साच्यात दाबून वितळणबिंदूच्या खाली, निर्वातात किंवा अरगॉन वायूत तापवतात. उघड्या हवेत कार्बन जळून जाईल. ॲल्युमिनियमचा स्वभाव आणखी वेगळा. आच वाढली की ते कार्बनशी संयोग पावून ठिसूळ कार्बाइड बनवते, आणि ओलावा लागला की त्यातून मिथेन सुटतो.

तयार तुकडा आधी हवेत, मग पाण्यात तोलतात. घनता अपेक्षेपेक्षा कमी भरली तर आत पोकळ्या आहेत. विकर्स चाचणीत १३६ अंश कोनाचा हिऱ्याचा पिरॅमिड ठरावीक भाराने पृष्ठभागावर दाबतात. उमटलेल्या चौकोनी खळग्याचे कर्ण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात: खळगा जितका लहान, तितका धातू कठीण. (हिराही कार्बनच!) नलिका शाबूत आहेत का, हे रामन वर्णपटातून कळते.

सर्वांत बोलकी असते ती ओढून तोडलेल्या नमुन्याची कड. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिथे लांब, स्वच्छ नलिका बाहेर डोकावताना दिसल्या, तर त्या नुसत्या उपसून आल्या, धातूने त्यांना धरलेच नव्हते. आखूड तुटके खुंट दिसले, तर भार त्यांच्यापर्यंत पोहोचला होता.