करदोड्याची साक्ष
लेखमाला ‘शरीराचा जमाखर्च’ : भाग सहावा

पाटोद्याकडचे एक मामा गेल्या महिन्यात तपासायला आले होते. पन्नाशी ओलांडलेली, हात-पाय काटकुळे, गाल बसलेले. शर्ट वर केला तर कमरेचा काळा करदोडा पोटात रुतलेला, त्याचा वळ उमटलेला. “दरसाली दोरा वाढवावा लागतोय बगा. खाणं तर दोन टाइम भाकर, दुसरं काय?” वजन भरलं ६४ किलो, उंची साडेपाच फूट. तक्त्यात पाहिलं तर माणूस सडपातळच म्हणायचा. कमरेला टेप लावली, तर ९६ सेंटिमीटर. उपाशीपोटीची साखर हद्दीबाहेर.

गावात असं पोट दिसलं की लोक कौतुकानं म्हणतात, खात्यापित्या घरचा माणूस. मामांना हे कुणी म्हटलं असतं तर त्यांना हसावं की रडावं कळलं नसतं. त्यांचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, सरकारी सुकडी आणि लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर ते दिवस काढले, हे त्यांनी आईकडूनच ऐकलेलं. आपल्या बीड जिल्ह्यातल्या अशा पोटांकडे मी सुबत्तेची खूण म्हणून पाहत नाही. माझ्या मते त्यांत जुन्या उपासमारीचाही वाटा आहे, आणि असं का वाटतं ते आज नीट सांगायचं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या या बाया. गरोदरपणाआधी त्यांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडातल्या साउथहॅम्प्टनची बाळं तेव्हा साडेतीन किलोची होती. बाळ लहान, यात नवल नव्हतं. नवल पुढे होतं. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ शाबूत. आईच्या पोटात अन्न कमी पडलं तेव्हा त्या जिवानं स्नायूंवर काटकसर केली आणि चरबी राखून ठेवली. पुढं काळ वाईट येणार या हिशेबानं केलेली ती बेगमीच म्हणा. बाहेरून बारीक आणि आतून चरबी असलेलं हे शरीर डॉक्टरांच्या भाषेत ‘थिन-फॅट’ म्हणून जगभर ओळखलं जातं.

याच डॉ. याज्ञिकांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. शेजारी लंडनचे प्रा. जॉन युडकिन उभे. दोघांच्याही वजन-उंचीच्या प्रमाणाचा आकडा नेमका २२.३. दोघंही ‘नॉर्मल’. पण यंत्रानं मोजलं तर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. एक मराठी डॉक्टर स्वतःच्याच शरीराचा पुरावा जगापुढे ठेवून सांगत होता की आमच्या माणसाला नुसत्या वजनकाट्यावर उभं करू नका.

बीडमधल्या दुष्काळात जन्मलेल्यांचा असा अभ्यास झाल्याचं माझ्या वाचनात नाही, त्यामुळे मामांच्या पोटाचं कारण मी छातीठोकपणे १९७२ वर ढकलणार नाही. पण आया अर्धपोटी, मुलं लहानखुरी आणि पुढं पन्नाशीत मोटारसायकल, हाटेलचा चहा आणि बेकरीचा माल, हा क्रम मला रोज दिसतो. अडचणीच्या काळासाठी घडलेलं शरीर, आणि त्याला मिळाली रोजचीच दिवाळी.

आता या पोटातली चरबी कुठं असते ते पाहू. पोटाला चिमटा काढा. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. ती दिसायला वाईट, पण त्यामानानं निरुपद्रवी. पोट पुढं आलेलं, हाताला टणक लागणारं आणि चिमटीत फारसं काही येत नाही, असं असेल तर चरबी आत आहे, आतड्यांभोवती आणि यकृतात. ही चरबी स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतून थेट यकृतात उतरतात, यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि साखर, रक्तदाब, हृदयविकार एकामागून एक दारात येतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणून दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर धरतात. गोऱ्या पुरुषांना ती ९४ आहे. जपाननं तर २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांच्या वार्षिक तपासणीत कंबर मोजणं घालून दिलं. तिथं पुरुषांची रेघ ८५ सेंटिमीटरवर आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत सुमारे ३९.५ टक्के प्रौढांची कंबर हद्दीबाहेर निघाली.

टेप नसेल तर करदोड्याचाच दोरा घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या उंचीएवढा तोडा, मधोमध दुमडा आणि श्वास सहज सोडून बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती फिरवा. पोट आत ओढायचं नाही. टोकाला टोक भिडलं तर ठीक. भिडलं नाही तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो पोटाच्या व्यायामाचा. उताणं पडून उठाबशा काढल्या की पोट जातं का? १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात तेरा जणांकडून २७ दिवसांत पाच हजारांवर अशा उठाबशा काढून घेतल्या. मग पोट, पाठ आणि ढुंगणावरच्या चरबीच्या पेशी काढून मोजल्या. पोटावरच्या पेशी इतर ठिकाणांपेक्षा जास्त आटलेल्या नव्हत्या. विहिरीत मोट कुठल्याही बाजूनं सोडा, पाणी त्या एकाच बाजूचं उतरत नाही. चरबीचंही तसंच आहे. पोटावर बांधायचे पट्टे, घाम काढणारे कपडे, चोळायची तेलं यांवर एक रुपयासुद्धा घालवू नका. उठाबशांनी पोटाचे स्नायू बळकट होतात, त्या जरूर काढा. त्यांच्याकडून चरबीची अपेक्षा ठेवू नका.

जमेची बाब अशी की खाणं आवरलं आणि चालणं वाढलं की आतली चरबी बाहेरच्या चरबीपेक्षा लवकर हलते. ‘पोट काही केल्या जात नाही’ असं म्हणणाऱ्यांचं आतलं पोट बहुधा आधीच कमी होऊ लागलेलं असतं, फक्त आरशात ते उशिरा दिसतं. वजन एक किलो उतरलं की कंबर साधारण एक सेंटिमीटर उतरते. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं.

खाण्याचा विषय निघाला की आपल्या भागात लगेच लातूरचं नाव येतं. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून जी पद्धत रूढ केली, ती आता गावोगावच्या पारावर पोचली आहे. दिवसातून दोनदाच, खरी भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं; मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढंच; आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर, थोडं थोडं आणि आपल्या मातीतलं खा म्हणणाऱ्या. काही वर्षांपूर्वी ‘दीक्षित की दिवेकर’ यावर घराघरांत तट पडले होते. मला त्या भांडणात रस नाही. चीनमधल्या ग्वांगझू इथं १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. खाण्याचं माप दोन्ही गटांना सारखंच कमी करून दिलं, फक्त एका गटाला सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायला सांगितलं. वजन दोन्हीकडे उतरलं आणि दोहोंत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. काम करतं ते एकूण पोटात जाणाऱ्या अन्नाचं माप. दोन जेवणांची पद्धत आपल्याकडे इतक्यांना लागू पडली, कारण मधले पाच चहा, टोस्ट, खारी आणि फरसाण तिनं एका फटक्यात बंद केलं.

त्या पाच चहांकडे बघा. एका कपात दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर. पाच कपांत पन्नास ग्रॅम, म्हणजे दोनशे कॅलरी. साडेचार किलोमीटर चालून ६५ किलोचा माणूस साधारण तेवढंच जाळतो. पहाटेचं सगळं चालणं संध्याकाळपर्यंत कपबशीत जमा. कुणाच्या ओट्यावर बसलं की चहा येतोच, नाही म्हटलं तर यजमानाला वाईट वाटतं, हे मला पुरतं ठाऊक आहे. “बिनसाखरेचा आणा, पण आणा” हे वाक्य पाठ करा. आठ दिवसांत यजमानाला सवय होते, पंधरा दिवसांत जिभेला.

ज्वारीबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. ज्वारीची भाकर खाल्ली की वजन उतरतं, असं शहरातले लोक आता सांगू लागले आहेत. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच. भाकरीचा गुण वेगळा आहे. मैद्याच्या पावापेक्षा ती पोटात बराच वेळ टिकते, आणि थापताना-भाजताना तिला तेल लागत नाही. पण तीन भाकरी त्या तीनच. तीनच्या दोन करा आणि रिकाम्या झालेल्या जागी मटकीची उसळ, तुरीचं घट्ट वरण, अंडं, वाटीभर दही किंवा अंबाडीची, मेथीची भाजी येऊ द्या. आपल्या ताटात डाळ पाण्यासारखी पातळ आणि भाकर डोंगराएवढी, हीच खरी खोट आहे. चरबी राखून स्नायू गमावलेल्या शरीराला प्रथिनं आधी हवीत. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आत बसवा. शेंगदाण्याची चटणी हेही तेलच, ते धरून. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याचं कूट आणि तूप, म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. त्या दिवशी भगरीबरोबर ताक घ्या, नाहीतर खरंच उपाशी राहा.

व्यायामासाठी जिम लागत नाही. गावापासून शेतापर्यंत गाडीवर जाता, ती गाडी आठवड्यातून पाच दिवस घरी ठेवा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या चालीनं चाला. एक दिवसाआड बैठका, जोर, सूर्यनमस्कार. जमतील तेवढ्यापासून सुरू करून दर आठवड्याला दोन-तीन वाढवायचे. स्नायू वाढला की खाल्लेली साखर ठेवायला जागा होते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं हीच बैठक समजा.

हे लिहिताना कोयत्यावर जाणाऱ्या बाया डोळ्यांपुढून हलत नाहीत. दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, शिरूर, पाटोद्याकडून गाड्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. पहाटेच्या अंधारात उठून मोळ्या वाहणाऱ्या, अंगात रक्त कमी असलेल्या त्या बाईला कुणी ‘पोट कमी कर, जेवण सोड’ सांगत असेल तर तो तिच्या जिवाशी खेळ आहे. तिला ताटात अजून हवं, कमी नको. आणि ती गरोदर असेल तर तिचं ताट भरणं हाच आजपासून पन्नास वर्षांनंतरच्या पोटावरचा इलाज आहे.

तिच्यासारखंच गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि अठरा वर्षांखालच्या कुणीही जेवण सोडण्याच्या वाटेला जाऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन जेवणांवर यायचं नाही. साखर एकाएकी उतरून माणूस शेतात कोसळतो. सांधेदुखीवर कुणी बिननावाची पुडी देत असेल आणि त्यानंतर चेहरा गोल, पोट मोठं, हात-पाय बारीक होत चालले असतील, तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याचा संशय घ्या. ती एकदम बंद करू नका; पुडी घेऊनच जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. पोट चार-सहा आठवड्यांतच फुगलं आणि पायांवर सूज आली, तर ती चरबी नव्हे. थांबू नका.

मामा पंधरा दिवसांनी परत आले. चहातली साखर सुटली होती, शेताची वाट पायी होत होती, भाकरी अजून अडीच होती. कंबर ९५. करदोडा अजून रुतत होता, पण वळ पुसट झालेला.

पुढच्या रविवारी झोपेचा हिशेब मांडू. तोवर आज रात्री घरातल्या प्रत्येकाच्या उंचीचा दोरा तोडा, दुमडून कमरेला लावा, आणि टोकं किती बोटं लांब राहिली ते कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली लिहून ठेवा.