फाइल एक, पत्ते अनेक

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीवरून न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि बीडसह मराठवाडाभरच्या रेकॉर्ड रूममधले गठ्ठे सुटू लागले. निजामकाळातल्या उर्दू आणि मोडी नोंदी, खासरा पत्रकं, जन्म-मृत्यूच्या वह्या, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, सगळं ‘कुणबी’ या एका नोंदीसाठी चाळलं जात होतं. त्याच काळात, ३० ऑक्टोबरला, आंदोलन चिघळून माजलगाव नगरपरिषदेच्या इमारतीला आग लावली गेली. ज्या कागदाची दुसरी प्रत नाही त्याचं मोल आणि त्याला असलेला धोका, दोन्ही बीड जिल्ह्यानं पाठोपाठ पाहिले.

आता कागदाची जागा संगणकानं घेतली आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबाराही मिळतो. पण कार्यालयातली टपालं, अहवाल, लाभार्थ्यांच्या याद्या, पंचनाम्यांचे फोटो साध्या टेबलावरच्या साध्या संगणकात पडून असतात. हार्ड डिस्क गेली की ते गेलं. अशा दहा-वीस संगणकांची रोज आपोआप प्रत काढणारं यंत्र म्हणजे नेटवर्क बॅकअप सर्व्हर. त्याचा एक जुना, मोफत आणि नीट समजून घेता येईल असा नमुना म्हणजे ‘बॅकअपपीसी’. वायफाय चिप बनवणाऱ्या ॲथेरॉस कंपनीचे प्रमुख राहिलेले क्रेग बॅरट यांनी तो लिहिला आणि २००१ मध्ये खुला केला.

तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये कागद गावानं आणि वर्षानं ओळखला जातो. गावाचं नाव, साल आणि विषय सांगितला की गठ्ठा सापडायला हवा. म्हणजे कागदाची ओळख त्याच्या जागेवरून ठरते. बॅकअपपीसीनं ओळख आणि जागा या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. त्याच्या डिस्कवर मुख्य फोल्डर दोन प्रकारचे असतात. ‘पीसी’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक संगणकाचं एक उपफोल्डर आणि त्यात ०, १, २ असे क्रमांक दिलेले बॅकअप. दुसरा ‘पूल’, फाइलींमधला खरा मजकूर तिथे राहतो. मजकूर दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, ठेवला तर त्याच फोल्डरचा जोडीदार ‘सीपूल’ वापरला जातो.

समजा, एक शासन निर्णय आला आणि त्याची पीडीएफ वीस जणांनी आपापल्या संगणकात उतरवून घेतली. कुणी ‘जीआर नवीन’ नाव दिलं, कुणी ‘अंतिम’, कुणी ‘अंतिम २’. नावं वेगळी, मजकूर एकच. सर्व्हर त्या मजकुरावर एमडी५ ही गणिती रीत चालवतो आणि ३२ अक्षर-अंकांचा एक ठसा काढतो. पूलमध्ये फाइलीचं नाव म्हणजे हा ठसा. ठसा आधीच तिथे असेल तर नवं काही साठवत नाही, फक्त त्या संगणकाच्या खात्यात त्याचा पत्ता टिपतो. पीडीएफ एकदाच राहते, पत्ते मात्र वीस होतात.

पूलमध्ये लाखो ठसे एकाच फोल्डरमध्ये कोंबले तर शोधायला वेळ लागतो. म्हणून तिसऱ्या आवृत्तीत ठशाच्या पहिल्या तीन अक्षरांवरून फोल्डरात फोल्डर, असे १६ गुणिले १६ गुणिले १६, म्हणजे ४,०९६ कप्पे केलेले होते. २०१७ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत दोनच पायऱ्या, पण प्रत्येकीत १२८ कप्पे.

तिसऱ्या आवृत्तीच्या ‘पीसी’ फोल्डरमध्ये डोकावलं तर आधी चक्रावायला होतं. प्रत्येक मूळ नावाआधी इंग्रजी ‘एफ’ अक्षर चिकटलेलं दिसतं. कारण सर्व्हर तिथे स्वतःची ‘ॲट्रिब’ नावाची नोंदफाइलही ठेवतो. मालक कोण, परवानग्या काय, शेवटचा बदल केव्हा, आकार किती, हे सगळं तीत असतं. वापरणाऱ्याच्या फाइलीचं नावही योगायोगानं ‘ॲट्रिब’ निघालं तर घोटाळा नको, म्हणून हे ‘एफ’. ही नोंद गेली तर पूलमधला मजकूर शाबूत असूनही तो कुणाचा, कधीचा, हे सांगता येत नाही.

नष्ट करण्याचा नियमही दोन्हीकडे आहे. सरकारी दप्तरात ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवतात, ‘ड’ वर्गाचा वर्षभरानं काढून टाकतात. इथे वर्ग पाडत नाहीत, वय बघतात. पूर्ण बॅकअप अलीकडचे आठवड्याचे, त्यामागचे पंधरवड्याचे, त्याही मागचे चार-चार आठवड्यांचे, असे विरळ होत जातील असं ठरवून देता येतं. जुना बॅकअप पुसला तरी पूलमधली फाइल लगेच जात नाही. रात्रीची साफसफाई होते तेव्हा तिच्याकडे बोट दाखवणारा एकही पत्ता उरला नसेल, तरच ती पुसली जाते.

या काटकसरीची एक किंमत आहे. वीस संगणकांवरच्या वीस प्रतींची पूलमध्ये एकच प्रत झाली. डिस्कचा नेमका तोच भाग बिघडला तर बॅकअपमधून ती फाइल विसांपैकी कुणालाच परत मिळणार नाही. म्हणून पूलचीही प्रत हवी. तिसऱ्या आवृत्तीत ती काढणंच अडचणीचं होतं. तिथले पत्ते लिनक्सच्या ‘हार्ड लिंक’नं जोडलेले असत आणि लाखो हार्ड लिंक जशाच्या तशा दुसऱ्या डिस्कवर नेणं अतिशय जिकिरीचं काम होतं. चौथ्या आवृत्तीनं हार्ड लिंक सोडून पत्त्यांची मोजदाद वेगळ्या नोंदीत ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे अख्खा साठा हलवणं सोपं झालं.

ही सोय वापरायची तर पूलची प्रत तहसिलीच्याच दुसऱ्या खोलीत ठेवून भागणार नाही. माजलगावच्या सर्व्हरची प्रत अंबाजोगाईत आणि अंबाजोगाईची माजलगावात, अशी अदलाबदल जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होऊ शकते. आणि अधूनमधून तिथून एखादा पंचनामा परत मागवून, उघडून पाहावा. तो उघडला तरच बॅकअप आहे असं म्हणावं.