मिलिसेकंदाच्या पुढचे तीन आकडे

ॲपमधली व्यवहारांची यादी खाली सरकवत जावं, तर एखादी नोंद दोनदा दिसते. कधी एखादी दिसतच नाही, आणि ते जास्त वाईट, कारण न दिसलेल्या नोंदीची तक्रार कोण करणार? सर्व्हर ठणठणीत, डेटाबेस ठणठणीत. गोम असते वेळेच्या शेपटीत.

पोस्टग्रेस डेटाबेस वेळ मायक्रोसेकंदापर्यंत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत ठेवतो. समजा, एका नोंदीची वेळ आहे १०:१५:३०.१२३४५६. सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवतो. जावास्क्रिप्टमधल्या 'डेट'ची धाव मात्र मिलिसेकंदापर्यंतच. तिथे उरतं १०:१५:३०.१२३. शेवटचे '४५६' गळतात. ना एरर, ना इशारा. आता ॲपने ही उरलेली वेळ पाठवून 'यानंतरच्या नोंदी द्या' म्हटलं, की सर्व्हरच्या हिशेबी .१२३४५६ हे .१२३ नंतरच येतं, म्हणून तीच नोंद परत. यादी नव्याकडून जुन्याकडे जात असेल, तर 'याआधीच्या द्या' म्हटल्यावर या दोहोंमधल्या नोंदी चक्क वगळल्या जातात.

ॲपमधला सर्व्हरशी बोलणारा कोड बहुधा कुणी हाताने लिहिलेला नसतो. ओपनएपीआय पद्धतीने लिहिलेल्या सर्व्हरच्या वर्णनावरून जनरेटर तो तयार करतो, आणि तयार कोड वाचत बसायला कुणाला वेळ आहे! वर्णनात 'डेट-टाइम' असं लिहिलेलं असतं. त्यामागचं २००२ सालचं आरएफसी ३३३९ हे मानक सेकंदाच्या अपूर्णांकात किती आकडे असावेत यावर मर्यादा घालत नाही. टाइपस्क्रिप्टचे काही जनरेटर मात्र 'डेट-टाइम'चा सरळ 'डेट' करून टाकतात. भाषाही एकमेकींशी जुळत नाहीत: जावाचा 'इन्स्टंट' नॅनोसेकंद जपतो, पायथनचा 'डेटटाइम' मायक्रोसेकंदावर थांबतो.

एवढ्या बारकाव्याची गरज कुणाला? युरोपात जानेवारी २०१८पासून अतिवेगवान शेअर व्यवहारांची वेळ किमान मायक्रोसेकंदाच्या बारकाईने नोंदवणं सक्तीचं आहे.

वेळेऐवजी नॅनोसेकंदांचा आकडा पाठवावा, तर तोही फसतो. १९७०पासूनचे नॅनोसेकंद एकोणीस अंकी होतात, आणि जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत जेमतेम सोळा अंकांपर्यंतच अचूकता टिकते. त्यापेक्षा जनरेटरला ही वेळ स्ट्रिंग म्हणूनच ठेवायला सांगावं, पडद्यावर दाखवताना तेवढी 'डेट' करावी आणि सर्व्हरला मूळ स्ट्रिंगच परत द्यावी. जावास्क्रिप्टच्या नव्या 'टेम्पोरल'मध्ये नॅनोसेकंदांची सोय आहे, पण जनरेटरने ते वापरलं तर उपयोग.

चाचण्यांत हे सापडत नाही, कारण नमुन्याला हमखास मध्यरात्रीची गोल वेळ घेतलेली असते. अपूर्णांकच नाही, तर गळणार काय? तिथे .१२३४५६ टाकून वेळ सर्व्हरकडून क्लायंटकडे आणि परत फिरवली, की गळती पहिल्याच फेरीत उघडी पडते.