मोरीतला गाळ कोणी काढायचा?

रस्ता वाहनांच्या चाकांखाली उखडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. महाराष्ट्रातील ग्रामीण रस्त्यांच्या बाबतीत ती अर्धीच खरी. या रस्त्यांचा पहिला वैरी पाणी होय. मराठवाडा-विदर्भातील काळी जमीन पावसाने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. बाजूची गटारे तुंबली, मोरीत गाळ साचला, साइडपट्टी रस्त्याहून उंच झाली, की पाणी डांबरावरच थांबते. ते भरावात मुरते आणि मऊ पडलेल्या भरावावर उसाची ट्रॉली आली की रस्ता खचतो. ट्रॉलीही निर्दोष नव्हे. आसावरील भार दुप्पट झाला तर हानी सुमारे सोळापट होते, असा निष्कर्ष अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून निघाला. तथापि, कोरडा भराव जे ओझे पेलतो ते भिजलेल्याला पेलवत नाही.

हे पाणी काढून देण्यास मोठी विद्या लागत नाही. फावडे, घमेले आणि भर पावसात रस्त्यावर फिरणारा माणूस पुरेसा होतो. बांधकाम खात्यात असा माणूस होता. त्याला मैलकुली म्हणत. ठराविक लांबीचा रस्ता त्याच्या हवाली असे आणि त्यावरील कोणती मोरी केव्हा तुंबते हे त्याला तोंडपाठ असे. हा मैलकुली आज क्वचितच दृष्टीस पडतो.

आपल्या योजनांनी लांबी मोजली, आयुष्य मोजले नाही. १९४३ च्या नागपूर योजनेने सुपीक भागातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, असे ठरविले. १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी मातीकाम केले. त्यातून गावांना वाट मिळाली, पण पक्क्या मोऱ्या थोड्याच ठिकाणी झाल्या. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच घालण्यात आली, हे शहाणपण खरे. परंतु सहाव्या वर्षी काय? रस्त्यांची यादी मोठी आणि देखभालीची तरतूद तुटपुंजी, अशा अवस्थेत निधी जातो तो बहुधा आधीच मोडून पडलेल्या रस्त्याकडे. धडधाकट रस्त्याची मोरी उपसण्यासाठी कोणी नारळ फोडत नाही, आणि त्या कामाची कोनशिलाही बसत नाही!

याची किंमत गाव मोजते. खड्ड्यांमुळे आगाराने एस.टी.ची फेरी बंद केली, की शिक्षणासाठी मिळालेला मोफत पास मुलीच्या दप्तरातच राहतो. आठवीपुढची शाळा सहा-सात किलोमीटरवर असेल, तर मुलाला सायकल मिळते. मुलीचे नाव मात्र पटावरून कमी होते. दूध डेअरीत वेळेवर पोहोचत नाही आणि बाळंतिणीला ट्रॅक्टरमधून न्यावे लागते.

पेरूने १९९५ पासून ग्रामीण रस्त्यांची नित्य देखभाल गावकऱ्यांच्याच छोट्या संस्थांकडे सोपविली. मोबदला रस्त्याची स्थिती पाहून दिला. आपल्याकडेही प्रत्येक रस्त्याला गावातला एक जबाबदार गट नेमता येईल. मात्र त्याचा पैसा मार्चअखेरच्या बिलांच्या गर्दीत अडकता कामा नये. गटारे आणि मोऱ्या मृगाच्या आत मोकळ्या व्हावयास हव्यात. जुलैत मंजूर झालेला निधी त्या वर्षी चिखलातच जातो.